सेल्फ घुरघुरला आणि २४,८५० रुपये गेले

ट्रकची नवी बॅटरी १४,२००, सेल्फच्या (इंजिन चालू करणाऱ्या मोटरच्या) आर्मेचरचं, म्हणजे फिरत्या भागाचं, वाइंडिंग ६,८००, त्याचा स्विच म्हणजे सोलेनॉइड २,३५०, मजुरी १,५००. एकूण २४,८५०, तेही कच्च्या चिठ्ठीवर. खरा बिघाड अर्थच्या पट्टीत (इंजिन चासीला जोडणाऱ्या वायरीत) होता, नंतर ७८० रुपयांत निघाला. वर आमची धडधाकट बॅटरी मिस्त्रीनं ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतली.

१२ व्होल्टचा जुना टाटा ट्रक, सेल्फ नुसता घुरघुरायचा. “भाऊ, बॅटरी बसली, आर्मेचरबी गेलं,” मीटर न लावताच निदान! आणि सेल्फ मारताना हेडलाइट लख्ख होते. तिथंच पकडायला हवं होतं. बॅटरी बसलेली असती तर दिवे पार मंदावले असते. दिवे लख्ख आणि सेल्फ मंद, म्हणजे करंट वाटेत अडतोय. इंजिन बंद करायची केबल हाताला गरम लागत होती. अर्थ तुटला की करंट तिच्यातून वाट काढतो. हे सगळं माहीत होतं. पण विटांच्या फेऱ्या सहा दिवस बंद, वर नागपुरातला मे महिना. डोकं चालतं कुठं?

दोन तासांत सेल्फ ‘वाइंड होऊन’ आला. अरे, नुसतं वॉर्निश सुकायला त्याहून जास्त वेळ लागतो! चंदेरी रंग ओला होता, अंगठ्याला लागला. नंतर उघडला तर आत तेच झिजलेले ब्रश, तीच काळी पूड. रंग मात्र सेल्फ इंजिनला जिथं टेकतो त्या तोंडावरही मारलेला, म्हणजे होता तोही अर्थ गेला.

पैसे देण्याआधी मीटर लावायला सांगा. डीसी व्होल्टवर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरं सेल्फच्या बॉडीवर. स्टॉप (इंजिन बंद करायची केबल) ओढून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की अर्थ खराब. आमचं १.८ आलं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चासीशी खरी जोडणी एकट्या पट्टीची. चासी रंगवताना तिच्या बोल्टाखाली रंग गेला होता. आधी निगेटिव्ह काढा. दोन्ही जागा चकचकीत होईस्तोवर घासा, ७० चौरस मिमीची तांब्याची वायर, दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाच्या कड्या), स्टार वॉशर, आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. आता ०.२ येतं. आणि जुना माल दुकानात सोडू नका, कधीच.

चौकीत ऐकवलं, “हा दिवाणी मामला.” ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर म्हणे, ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९च्या कायद्यात चक्क लिहिलंय, पोटासाठी स्वतः राबणारा ग्राहकच. ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. पण साहेब जेवायला, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. चौथ्या चकरेला सांगितलं, पक्कं बिल आणा आणि पुरावा म्हणून ती जुनी बॅटरी आणा.

ती त्याच्याच दुकानात, चार्जिंगला लावलेली दिसते.