वन टनचा खरा खर्च: १९ महिने, साडेदहा लाख आणि एक रबरी पडदा

मागच्या रविवारी आंबोली घाटात गाडी बंद पडली म्हणून आजच लिहायला बसलोय, नाहीतर दोन वर्षं पूर्ण झाल्यावर निवांत लिहिणार होतो. गाडी म्हणजे निस्सान वन टन, लष्कराचा छोटा ट्रक, आर्मी डिस्पोजल म्हणजे लष्कराने वापरून विकलेली, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, जोंगाला (लष्कराची जीप) जे ३९५६ सीसीचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन आहे तेच हिला. बाकी ज्यांना या गाड्यांचं वेड आहे त्यांना सगळं माहितीच असतंय.

तर घाटात चढाला गाडी खोकायला लागली. दुपारचे दोन वाजलेले, इंजिन तापलेलं, मला वाटलं व्हेपर लॉक असणार, म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडकली असणार. पंपावर ओलं फडकं टाकलं, दहा मिनिटांनी चालू झाली, दोनेक किलोमीटर गेली आणि परत गप्प. मग ऑइलची पट्टी ओढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर, रॉकेलसारखं पातळ, नाकाजवळ नेलं तर सरळ पेट्रोलचा वास. फ्युएल पंपाचा पडदा, म्हणजे पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी डायफ्राम, फाटून पेट्रोल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. असल्या ऑइलवर इंजिन चालवलं की बेअरिंग जातात, आणि माझ्या इंजिनला मी १ लाख ८५ हजार घातलेत, बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग सगळं. साडेतीनशे रुपयांच्या पडद्यापायी ते गेलं असतं. परत स्टार्टर मारलाच नाही, टो करून गडहिंग्लजला आणली.

हा तिसरा पडदा.

पहिला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला, जुन्या स्टॉकमधला, तो चार महिने चालला. दुसरा दिल्लीहून मागवला, पाच आठवड्यांत कडक होऊन चिरला. तेव्हा मी त्या दुकानदाराशी फोनवर जोरात भांडलो, नकली माल पाठवला म्हणालो, त्याने पैसे परत दिले नाहीत, दुसरा पडदा पाठवून दिला, तोच घाटात गेला. पण परवा कार्बोरेटर खोलल्यावर माझं मत बदललं. वाटीच्या तळाला तपकिरी गाळ, फ्लोटच्या खाली पांढरट बुरशीसारखा थर, आणि पेट्रोलचा पाइप बोटाने दाबला तर भिजलेल्या चामड्यासारखा मऊ. म्हणजे एकटा पडदा खराब होता असं नाही, पेट्रोल लागेल ते प्रत्येक रबर खराब झालेलं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ही गाडी ज्या काळातली आहे त्या काळच्या रबराला इथेनॉल सोसत नाही, वर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाला बसतं, आणि माझी गाडी महिन्यातले पंचवीस दिवस उभीच असते. दुकानदाराला मी बोललो ते चुकलं, फोन करून तसं सांगितलं पण.

इथेनॉलला नावं ठेवायला मला जड जातं. आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथे डिस्टिलरी आहे आणि तिच्यामुळे बिलं जरा वेळेवर यायला लागलीत हे मी स्वतः बघितलंय. पण पन्नास वर्षांच्या गाडीवाल्याने काय करायचं हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं एवढंच म्हणणं आहे.

आता खर्च, कारण सगळे तेच विचारतात. गाडी ३ लाख ४० हजारला घेतली, साडेपाच लाखात रस्त्यावर आणीन असा हिशोब होता. आजच्या तारखेला वहीत १० लाख ५४ हजार आहेत. इंजिन वर सांगितलंच. पत्र्याचं काम आणि रंग १ लाख ६४ हजार, त्यातले ४१ हजार निव्वळ पाण्यात गेले कारण आधी हौसेने ऑलिव्ह ग्रीन मारला आणि मग कळलं की केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो, सगळा घासून काढून राखाडी मारला. चारही चाकांचे ब्रेक सिलेंडर स्लीव्ह टाकून केले, तो पैसा अजिबात वाया गेला नाही, तिथे कंजुषी करू नका. टायर, ताडपत्री, वायरिंग, कागदपत्रं, ट्रेलरचं भाडं यावर लिहीत बसत नाही. पेट्रोलच्या लायनीवर मात्र आतापर्यंत ५२ हजार गेलेत आणि सुरुवातीच्या हिशोबात त्या जागी मी ४ हजार लिहिले होते. चालवायचा खर्च म्हणाल तर लिटरला साडेतीन-चार किलोमीटर.

एवढं का केलं तर आण्णांसाठी. आमचे आण्णा आर्मी सर्व्हिस कोरमध्ये (लष्कराची रसद-वाहतूक शाखा) ड्रायव्हर होते, १९८९ ला पेन्शनवर आले, वन टन त्यांनी कैक वर्षं चालवली. गाडी पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा ओरडले, "कशाला एवढं पैसं घालायलास रं?" म्हणून. मग काठी बाजूला ठेवून स्वतःच चढून बसले, न बघता हात गिअरवर गेला आणि मला म्हणाले, "डबल क्लच दे, ओढू नको गिअर." रंग बदलला त्या दिवशी मात्र दिवसभर बोलले नाहीत.

सहा महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. आज म्हणेन घ्या, पण इंजिन खोलायच्या आधी टाकी उतरवा. माझी टाकी शेवटी कापून आतला गंज काढून परत वेल्ड केली, १४ हजार, हे पहिल्या महिन्यात केलं असतं तर कार्बोरेटर तीनदा खोलावा लागला नसता. पाइप इथेनॉल सोसणारे टाकले. पडद्यासाठी कोल्हापुरात उद्यमनगरला एकाकडून व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणारं रबर), आत कापड असलेलं शीट कापून घेतलं, चार पडदे २२०० रुपयांत. एक बसवलाय, काल सत्तर किलोमीटर चालवली, पट्टीवर ऑइल जागेवर आहे. आता गाडी उभी करायच्या आधी टाकीखालचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल राहत नाही. दर रविवारी पट्टीचा वास घेतोच.

उरलेले तीन पडदे डबीत आहेत. भोकांचं माप कागदावर काढून ठेवलंय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, फोटो टाकतो.