तीनशे रुपयांची भीती : मॉलमधील एका भूतबंगल्याचे परीक्षण

पुण्यातील एका मोठ्या मॉलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, चित्रपटगृहाच्या शेजारी, एक भूतबंगला चालवला जातो. तिकीट माणशी ३०० रुपये, शनिवार-रविवारी ३५०, आणि आतला फेरा साधारण बारा मिनिटांचा. चालकांचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अशी घरे आता अनेक शहरांत निघाली आहेत आणि त्यांची मांडणी एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते की हे परीक्षण एका दुकानापेक्षा त्या प्रकारच्या सेवेचे समजले तरी चालेल. सुट्टीच्या संध्याकाळी येथे चांगलीच रांग लागते. एरवी ज्या भावनेपासून माणूस पळ काढतो, ती विकत घेण्यासाठी तो रांगेत का उभा राहतो, या प्रश्नाचे उत्तर या घरात बऱ्याच अंशी सापडते. मात्र जे साधले आहे त्याइतकेच ते जे फसले आहे त्यातून सापडते. भीती वाढवत नेली की तिची गोडीही वाढत जाते, असा चालकांचा समज दिसतो. प्रत्यक्षात ती बेताची असावी लागते, तिला मुरायला वेळ द्यावा लागतो आणि आपण सुखरूप आहोत हे प्रेक्षकाला आतून ठाऊक असावे लागते.

शेवटच्या बाबतीत हे घर उत्तम आहे. आत सोडण्यापूर्वी एक कर्मचारी नियम सांगतो : आतील कोणीही कलाकार तुम्हांला स्पर्श करणार नाही, तुम्हीही त्यांना करू नये, आणि सहन होईनासे झाले तर दोन्ही हात वर करावेत. आमच्या गटातील एका बाईंनी तिसऱ्या दालनात खरोखरच हात वर केले, तेव्हा अंगावर धावून येणारा प्रेतवेषधारी मुलगा जागच्या जागी थांबला, बॅटरी लावली आणि अत्यंत सौजन्याने 'या काकू, इकडून' म्हणत त्यांना बाजूच्या दाराने बाहेर घेऊन गेला. मुखवट्याआडचा तो आवाज ऐकून गटात हशा पिकला. घाबरण्याची मजा सुखरूपतेच्या ज्या हमीवर उभी असते, ती हमी इतक्या तत्परतेने मिळत असेल तर तिकिटाचे निम्मे पैसे तेथेच वसूल झाले.

अग्निसुरक्षेची पाहणी करणे हे अशा ठिकाणी परीक्षकाचे पहिले काम आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या उद्यानातील 'हाँटेड कॅसल'ला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले मरण पावली. आत धूर, किंकाळ्या आणि अंधार असणारच, असे धरून चाललेल्या प्रेक्षकाला खरा धोका ओळखू येत नाही, ही अशा घरांची उपजत अडचण आहे. राजकोट येथील खेळकेंद्राला मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीत २५ हून अधिक माणसे गेली, ही घटना तर आपल्या अगदी जवळची. या भूतबंगल्यात प्रत्येक दालनाला संकटकालीन दार आहे, त्यावर हिरवा दिवा आहे आणि छताला पाण्याचे फवारे आहेत. हिरव्या दिव्यांमुळे वातावरणाचा भंग होतो अशी तक्रार एक तरुण बाहेर पडताना करत होता. तिकडे लक्ष न देणे हेच चालकांनी करावे.

आता प्रत्यक्ष भीतीकडे वळतो. पहिली तीन दालने दचकवण्यावर बेतलेली आहेत : कोपऱ्यातून हवेचा झोत, कर्णा, धाडकन उघडणारे कपाट, वरून कोसळणारा सांगाडा. पहिल्या वेळी सगळे किंचाळतात, आणि त्यात नवल नाही, कारण अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पापण्या मिटतात आणि खांदे आखडतात. मनाला कळण्याआधी शरीर दचकून मोकळे झालेले असते. पण हीच प्रतिक्षिप्त क्रिया पुनरावृत्तीने झपाट्याने बोथट होते. तिसऱ्या दालनात कर्णा वाजला तेव्हा आमच्यातील एकाने 'झालं का सुरू?' असे विचारले. दचकणे म्हणजे भीती नव्हे. दचकण्यात पुढे काय होईल याची वाट पाहणे नसते, आणि भयकथेचा सगळा रस त्या वाट पाहण्यात असतो. चालकांनी यंत्रसामग्रीवर खर्च केला तो नेमका अशा गोष्टीवर, जी सर्वांत लवकर शिळी होते.

चौथे दालन मात्र वेगळे आहे आणि माझ्या मते केवळ त्यासाठी हे घर पाहावे. ती वाड्यातली एक खोली आहे : मधोमध कड्यांचा झोपाळा, भिंतीवर खुंटीला टांगलेले उपरणे, कोनाड्यात मिणमिणता दिवा, आणि बाकी काही नाही. झोपाळा किंचित हलत असतो आणि कड्या कुरकुरतात. प्रवेशदार मागे बंद होते, पुढचे दार लगेच उघडत नाही. कोणीही अंगावर येत नाही. गटातील बडबड आपोआप थांबते, माणसे एकमेकांच्या जवळ सरकतात आणि प्रत्येक जण झोपाळ्याकडे पाठ होणार नाही अशा बेताने उभा राहतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव, म्हणजे भय जागवणारी कारणे, सांगताना विकृत आवाज, भूतादिकांचे दर्शन, कोल्हे आणि घुबड यांच्याबरोबर शून्यागार, म्हणजे ओसाड घर, याचाही समावेश केलेला आहे. हे दालन रचणाऱ्याने ते वाचले असो वा नसो, रिकाम्या घराची ताकद त्याला समजली आहे.

येथेच एका जुन्या शंकेचा उलगडा होतो. दुःख किंवा भीती प्रत्यक्षात नकोशी असताना नाटकात ती हवीशी का वाटते, यावर सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमधील अभिनवगुप्त या तत्त्वज्ञाने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकाग्रंथात विचार केला, आणि भयानक रसासाठी उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरणाचे. दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत ते पळते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ते अमुक एक हरीण राहत नाही, त्याला भिववणाराही खरा नसतो, आणि म्हणून ते भय कोणत्याही देशाकाळाला बांधलेले राहत नाही. 'मी भ्यालो आहे' किंवा 'माझा मित्र भ्याला आहे' असे वाटू लागले तर त्यातून दुःख आणि पळ काढण्याची इच्छा उपजेल, आणि आस्वाद संपेल. झोपाळ्याच्या खोलीत नेमके हेच घडते : भय आहे, पण ते कोणाच्याही नावावर चढवलेले नाही. पहिल्या तीन दालनांत मात्र 'माझ्या' कानाशी कर्णा वाजतो, 'माझ्या' अंगावर सांगाडा पडतो, आणि चिडचिड तेवढी शिल्लक राहते.

पाचव्या दालनात काचेमागे एक पारदर्शक स्त्री जिना उतरते आणि विरून जाते. ही करामत जुनी आहे, तरी तिच्याबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात. प्रेक्षकासमोर तिरकी मोठी काच, बाजूला लपलेला उजळ पुतळा किंवा पडदा, आणि काचेत दिसणारे त्याचे प्रतिबिंब, एवढीच ती रचना. हेन्री डर्क्स यांची मूळ कल्पना जॉन हेन्री पेपर यांनी रंगभूमीला सोयीची करून डिसेंबर १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत दाखवली, आणि डिस्नेलँडमध्ये १९६९ मध्ये उघडलेल्या भुताच्या हवेलीतही नाचणारी भुते याच युक्तीने उभी केली आहेत. त्याहीपूर्वी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, रॉबर्टसन नावाचा गृहस्थ पॅरिसमध्ये एका ओसाड मठात चाकांवरच्या, प्रतिमा फेकणाऱ्या दीपयंत्रातून धुरावर भुते नाचवत असे आणि लोक पैसे मोजून ती पाहत. भीतीचा बाजार नवा नाही, आणि तो विज्ञानाच्या प्रसाराबरोबरच वाढला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या दालनात काच स्वच्छ ठेवलेली नसल्यामुळे तिच्यावरचे बोटांचे ठसे भुताआधी दिसतात, एवढीच उणीव.

भीती किती बेताची असावी, हे संशोधकांनीही मोजून पाहिले आहे. डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या मार्क अँडरसन, मथियास क्लासेन आणि सहकाऱ्यांनी तेथील एका भूतबंगल्यात ११० प्रेक्षकांना हृदयगती मोजणारी उपकरणे लावून आत सोडले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार भीती फारच कमी वाटली तरी मजा येत नाही आणि फार वाटली तरीही येत नाही; मधल्या पट्ट्यात ती सर्वाधिक असते. ठेचा तोंडी लावायला घेणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मात्र ती मधली पातळी प्रत्येकाची निराळी असते. क्लासेन यांच्याच त्याआधीच्या अभ्यासात काही प्रेक्षकांनी भीती जास्तीत जास्त वाढवण्याचा आणि काहींनी ती आवरण्याचा प्रयत्न केला होता, आणि दोन्ही गट सारखेच समाधानी आढळले. आमच्या गटातही दोन्ही जाती होत्या. एक महाविद्यालयीन मुलगी सर्वांच्या पुढे राहून अंधाराला तोंड देत होती, तर तिचा भाऊ तिची ओढणी धरून, डोळे अर्धे मिटून, 'हे थर्माकोलचं आहे, हे थर्माकोलचं आहे' असे पुटपुटत चालला होता. बाहेर आल्यावर पुन्हा जाण्याचा हट्ट धरला तो भावाने. डोळे मिटणे हे भित्रेपणाचे लक्षण म्हणून हसण्यावारी नेले जाते, पण आपली भीती आपणच बेतात राखण्याचे ते साधन आहे. चालकांनी अशा माणसाला हेरून त्याच्याच मागे कलाकार लावू नयेत. येथे ते सर्रास लावले जातात.

सर्वांत मोठा आक्षेप भुतांच्या निवडीवर आहे. घरभर परदेशी प्रेते, वटवाघळे, काळ्या झग्यातली ख्रिस्ती जोगीण आणि शेवटी करवत घेऊन धावणारा माणूस आहे. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा, विहिरीपाशी वावरणारी हडळ, समंध, खवीस, कोकणातल्या पाण्यातला गिऱ्हा, गावाच्या शिवेवरचा देवचार असा भरगच्च परिवार असताना ही उसनवारी कशासाठी? याच शहरात वेताळ टेकडी आहे. याच शहरातील सर्वांत प्रसिद्ध भयकथेत डोळ्यांना दिसण्यासारखे काहीच नाही : ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि लोकांनी त्यांची शेवटची हाक तेवढी जपून ठेवली. सहाव्या दालनात आरशांचा चक्रव्यूह आहे. तेथे माणूस फिरून फिरून त्याच कंदिलापाशी येतो. हा सरळसरळ चकवा आहे. शेताच्या बांधाचा आभास, रातकिडे आणि एक ओळखीची हाक एवढे जोडले असते, तर आजोळी चकव्याच्या गोष्टी ऐकलेल्या कोणाही माणसाच्या अंगावर काटा आला असता. त्याऐवजी तेथे लाल दिवे आणि इंग्रजी गाणे लावले आहे. भीती बालपणी ऐकलेल्या भाषेत जितकी पटकन शिरते तितकी ती रबरी मुखवट्यातून शिरत नाही, हे मंडळींना कोणी तरी सांगायला हवे.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. रांगेत उभे असताना एक निवेदक सांगत असतो की या मजल्यावर रात्रपाळीच्या रखवालदाराला 'खरोखर' काही तरी दिसले होते. जाहिरात म्हणून हे स्वस्त आहे, आणि अंधश्रद्धेविरुद्ध दीर्घ लढा दिलेल्या महाराष्ट्रात ते शोभत नाही, हा एक भाग. पण धंद्याच्या दृष्टीनेही ते चुकीचे आहे. हडळीवर ज्याचा खरोखर विश्वास आहे तो भर दुपारी विहिरीकडे फिरकत नाही. ३०० रुपये देऊन तिला भेटायला येणे तर दूरच. येथे येणारा माणूस भुते नाहीत हे जाणूनच येतो, आणि ते ठाऊक असूनही आपले शरीर ऐकत नाही याचेच त्याला कौतुक वाटते. 'खरी घटना' सांगून निवेदक ते कौतुक हिरावून घेतो.

बाहेर पडण्याच्या वाटेवर अंधारात टिपलेली छायाचित्रे मांडलेली असतात आणि प्रत्येकी १५० रुपयांना विकली जातात. वटारलेले डोळे, उडालेला रंग, शेजाऱ्याच्या दंडात रुतलेली बोटे : भरताने सांगितलेले अनुभाव, म्हणजे भावनेची शरीरावर दिसणारी लक्षणे, तेथे ओळीने पाहावयास मिळतात. गर्दी सर्वांत जास्त तेथेच असते, आणि सर्वांत मोठे हसणेही. भीतीने उद्दीपित झालेले शरीर एकदम शांत होत नाही आणि ती उरलेली धडधड पुढच्या भावनेत मिसळून तिला तीव्र करते, अशी उपपत्ती डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडली आहे. या दालनात उभे राहिले की ती पटते. साध्या विनोदावर माणसे पोट धरून हसत होती, आणि रांगेत परके असलेले दोन गट एकमेकांची छायाचित्रे पाहून गप्पा मारत होते. एकट्याने येणाऱ्याला यातले फारसे मिळणार नाही, म्हणून चार-पाच जणांनी मिळून यावे. शक्यतो आठवड्यातील कामाच्या दिवशी दुपारी यावे. तेव्हा गट एकामागून एक कोंबले जात नाहीत आणि झोपाळ्याच्या खोलीत पुढचे दार उघडायला पुरेसा वेळ घेतात.

दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही अशी पाटी दाराशी आहे, आणि तिच्याच खाली उभे राहून एका वडिलांनी साधारण पाच वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन प्रवेश मिळवला. त्या मुलाला हात वर करण्याचा नियम समजलेला नव्हता आणि पुतळा व जिवंत माणूस यांतला भेदही त्याच्या मनात अजून पक्का नसणार. तो पूर्ण वेळ रडला. नियम सांगण्यात इतके चोख असलेल्या कर्मचाऱ्यांनी हे तिकीट फाडायलाच नको होते, आणि वडिलांनी मागायला नको होते.