तळघरातील गळती: आतून निचरा आणि पंप बसवल्यानंतरचा अनुभव

तळघराच्या भिंतींलगत आतून निचऱ्याची नाली आणि पंप बसवून आता कित्येक महिने झाले असून त्यात एक संपूर्ण पावसाळाही गेला आहे. जमीन कोरडी राहिली आणि भिंतीच्या बुडाशी साचणारे पाणी पूर्ण थांबले, म्हणून मी या कामावर समाधानी आहे; तरीही प्रत्येक तळघराला हाच उपाय लागू पडेल असे मात्र मी म्हणणार नाही.

पद्धत निवडण्यापूर्वी पाणी येते कुठून, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यासाठी भिंतीवर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतील बाष्पाची ओल असते आणि तिला वॉटरप्रूफिंग नव्हे, तर वायुवीजन किंवा डीह्युमिडिफायर (हवेतील ओलावा काढणारे यंत्र) लागतो. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या मागची बाजू ओली निघाली. शिवाय पाऊस सुरू होताच भिंतीच्या वरच्या भागात ओल दिसे, तर भिंत आणि जमीन यांच्या सांध्यातून येणारे पाणी पाऊस थांबल्यानंतरही बराच काळ झिरपत राही. पहिली ओल छताच्या पाण्याची होती आणि दुसरे पाणी भिजून तुडुंब झालेल्या मातीचे, त्यामुळे दोन्हींचा उपाय वेगळा करावा लागला.

पहिल्या ओलीसाठी पन्हळींचे पाइप घरापासून दूर नेले आणि भोवतालच्या मातीला सुमारे 5 टक्के, म्हणजे 3 मीटर अंतरात 15 सेंटीमीटर, उतार दिला. एवढ्यानेच वरची ओल गेली. हे काम सर्वांत स्वस्त आहे, तरी विक्रेते त्याचा उल्लेख क्वचितच करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सांध्याचा प्रश्न मात्र पाण्याच्या दाबाचा होता. भिंतीबाहेरच्या मातीतील पाण्याची पातळी तळघराच्या जमिनीच्या वर 1 मीटर असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ 1 टन दाब येतो. आतून लावलेला साधा रंगलेप हा दाब मागून सोसतो आणि कालांतराने पोपडे धरून सुटतो. स्फटिक तयार करणारा सिमेंटयुक्त लेप काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून ती बुजवतो, त्यामुळे तो अधिक भरवशाचा असतो, परंतु हलणाऱ्या भेगांवर त्याचा उपयोग होत नाही आणि आमच्या दोन भिंती विटांच्या असल्याने तो पर्याय अपुराच ठरला असता. बाहेरून पायापर्यंत खणून भिंतीवर पाणी अडवणारा पडदा लावणे हा तत्त्वतः उत्तम मार्ग आहे, कारण तेथे दाब पडद्याला भिंतीवरच दाबून धरतो. नवे घर बांधणाऱ्याने तोच निवडावा. आमच्या भिंतीला लागून पक्के बांधकाम असल्याने खणणे शक्य नव्हते.

म्हणून भिंतींच्या कडेने काँक्रीट फोडून चर खणला, त्यात खडी आणि जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणाऱ्या, पण माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळलेला छिद्रांचा पाइप टाकला आणि त्याचा उतार कोपऱ्यातील खड्ड्याकडे दिला; तेथे फ्लोटवर (पाण्याबरोबर वर उचलला जाऊन पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या खटक्यावर) चालणारा पंप आणि पाणी उलट येऊ न देणारी झडप आहे. काँक्रीटच्या भिंतीतील एका ओल्या भेगेत पॉलियुरेथेन भरले. ते पाण्याशी संयोग होऊन फुगते आणि लवचीक राहते. ती भेग अद्याप कोरडी आहे.

उणिवाही आहेत. जोराच्या पावसात पंप वारंवार सुरू होतो आणि त्याचा आवाज वरच्या खोलीत ऐकू येतो. वादळात वीज जाण्याची शक्यता सर्वाधिक असते आणि नेमका तेव्हाच पंप लागतो, त्यामुळे बॅटरीवर चालणारा दुसरा पंप मी अत्यावश्यक मानतो. ही पद्धत पाण्याला वाट करून देते, भिंतीत शिरण्यापासून रोखत नाही; विटांच्या भिंतीवर अजूनही पांढरा लोणा फुटतो, म्हणून लाकडी कपाटे आम्ही भिंतीपासून दूर ठेवली आहेत. पाणी बाहेर सोडण्याचे टोकही घरापासून लांब हवे, अन्यथा तेच पाणी मुरून पुन्हा नालीत येते.

काम ठरवताना नालीला सफाईची तोंडे ठेवण्याची अट लेखी घालावी, कारण बारीक गाळ हळूहळू साचतोच. आम्ही पावसाळ्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फ्लोट उचलतो का आणि झडप नीट बंद होते का, हे तपासतो. अधूनमधून मुख्य वीज बंद करून बॅटरीचा पंपही चालवून पाहतो.