भेंडीबाजारातील रिवायत-अभ्यासवर्ग : सविस्तर अभिप्राय

इस्लामच्या आरंभकाळातील आदरणीय व्यक्तींविषयी मन अस्वस्थ करणाऱ्या ज्या रिवायती, म्हणजे ऐकून पुढे सांगितलेल्या हकिकती, जुन्या ग्रंथांत आढळतात, त्या कितपत विश्वसनीय आहेत हे कसे तपासावे, या एकाच प्रश्नाला वाहिलेला एक अभ्यासवर्ग भेंडीबाजारातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रविवारी सकाळी भरतो; तो एक मौलाना घेतात. सत्राचे शुल्क दीड हजार रुपये असून त्यातच टिपणांच्या छायाप्रती मिळतात. नुकतेच संपलेले सत्र मी पूर्ण केले. मुंबईतील मराठी वाचकांनी, मग ते मुसलमान असोत वा नसोत, या वर्गाला अवश्य जावे, असे माझे मत झाले आहे. वर्गात काही उणिवाही आहेत आणि त्यांतली एक गंभीर आहे.

आमच्यासारख्या मराठी माध्यमात शिकलेल्या कोकणी मुसलमानांची अडचण अशी की, नमाज-रोजा घरात शिकवला जातो, पण इतिहास कसा वाचावा हे कोणी शिकवत नाही. मग मोबाइलवर एके दिवशी तबरी या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथाचा खंड आणि पृष्ठ देऊन एखाद्या सहाबींविषयी, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्याविषयी, भयंकर मजकूर येतो, आणि दुसऱ्याच दिवशी तो सारा मजकूर शत्रूंनी घुसडलेला आहे असे सांगणारा संदेश येतो. पहिल्यातला संदर्भ बहुधा खरा असतो, म्हणून माणूस हादरतो. दुसऱ्यात पुरावा काहीच नसतो, तरी जिवाला बरे वाटते म्हणून तो पुढे पाठवला जातो. या वर्गाचे मोठेपण हे की, तो या दोन्ही सवयी मोडायला लावतो.

पहिल्याच बैठकीत एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, ‘मौलाना, खात्री नव्हती तर तबरींसारख्या विद्वानाने हे सगळे लिहून तरी का ठेवले?’ मौलानांनी उत्तर दिले, ‘चाचा, ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे,’ आणि प्रस्तावनेतला उतारा वाचून दाखवला. 923 साली निवर्तलेल्या तबरींनी आपल्या इतिहासाच्या आरंभीच बजावले आहे की, एखादी हकीकत वाचकाला अग्राह्य किंवा किळसवाणी वाटली तर ती आपल्या पदरची नव्हे. ज्यांनी जशी सांगितली तशी आपण ती पुढे दिली आहे. म्हणजे हा ग्रंथ साक्षींचा संग्रह आहे, त्यात निकाल नाहीत. निकाल देण्याचे काम वाचकाकडे येते आणि त्यासाठी प्रत्येक हकिकतीच्या आधी दिलेली रावींची (ती एकमेकांना सांगत आलेल्यांची) साखळी, म्हणजे सनद, हाताशी असते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. सभासदांची बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दोन दशकांच्या आत लिहिली गेली आणि चिटणीसांची एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदाला मान दिला तो का, हे ज्याला समजते त्याला सनदेची चौकशीही समजते.

वर्गाचा गाभा म्हणजे सेनापती खालिद बिन वलीद आणि मालिक बिन नुवैरा या प्रकरणावरील बैठका. प्रेषितांच्या निधनानंतरच्या बंडाळीच्या काळात, 632 च्या सुमारास, तमीम टोळीच्या यर्बू शाखेचे प्रमुख मालिक हे खालिद यांच्या सैन्याच्या हाती सापडले आणि मारले गेले. पुढे मालिक यांच्या विधवेशी खालिद यांनी विवाह केला. ही हकीकत ज्याने पहिल्यांदा वाचली त्याच्या मनात काय येते ते सांगायला नको. मौलानांनी फळ्यावर वेगवेगळ्या रिवायती शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येकीखाली रावींची नावे लिहिली. सैफ बिन उमर या जुन्या संकलकाच्या रिवायतीत थंडीच्या रात्री दिलेल्या एका हुकमाचा पहारेकऱ्यांनी भलताच अर्थ घेतला आणि कैदी मारले गेले, असे येते. म्हणजे खालिद निर्दोष ठरतात. प्रेषितांचे चरित्रकार इब्न इस्हाक यांच्याकडून आलेल्या रिवायतीत असा गैरसमज नाही. तिथे अबू कतादा हे अन्सारी सहाबी या माणसांच्या मुसलमान असण्याची साक्ष देतात आणि पुढे खलिफा झालेले हजरत उमर खालिद यांच्यावर संतापतात.

यानंतर जे झाले त्यासाठी मी या वर्गाचा ऋणी आहे. मौलानांनी इब्न हजर अस्कलानी यांचा ‘तक़रीबुत्तहज़ीब’ हा रावीकोश उघडला. 1449 साली निवर्तलेल्या या विद्वानाने रावींना बारा श्रेणींत बसवून प्रत्येकावर ओळ-दोन ओळींत अभिप्राय दिला आहे. सैफ यांच्याविषयी तिथे म्हटले आहे की, ते हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचन-वर्तनाच्या रिवायतींत, दुर्बल, पण इतिहासात आधारभूत. जुने इतिहासकार वाकिदी यांच्याविषयी, की विद्या अफाट असूनही ते त्याज्य. मग मौलानांनी इब्न इस्हाक यांची ती रिवायत तबरींपर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीतील मुहम्मद बिन हुमैद यांचे नाव काढले, तर तेही जईफ, म्हणजे दुर्बल. वर्गात शांतता पसरली, कारण आपल्याला हवी असलेली रिवायत आणि नको असलेली रिवायत दोन्ही एकाच तराजूत हलक्या भरल्या होत्या. सैफ यांची रिवायत खालिद यांना सोडवते म्हणून ती घ्यायची आणि दुसरी दुखावते म्हणून ‘जईफ’ म्हणून टाकायची, ही पळवाट त्या क्षणी बंद झाली.

मग हाती काय उरते? अनेक वाटांनी आलेला समान भाग उरतो : मालिक यांचा वध झाला, हजरत उमर यांनी कारवाईचा आग्रह धरला, आणि खलिफा अबू बक्र यांनी खालिद यांचे आकलन चुकले असे मानून त्यांना पदावर ठेवले, पण मृताची भरपाई दिली. मालिक यांचे बंधू मुतम्मिम हे कवी होते. त्यांची शोकगीते ‘मुफ़ज़्ज़लियात’ या जुन्या काव्यसंग्रहात टिकून आहेत आणि त्यांतील दुःख कोणत्याही इतिहासकारावर अवलंबून नाही. खालिद यांच्या मनात काय होते, हे मात्र या साधनांतून ठरवता येत नाही, असे मौलानांनी स्पष्ट सांगितले. श्रद्धावान श्रोत्यांपुढे एवढे सांगून थांबायला धैर्य लागते.

मक्केच्या हिंद बिन्त उत्बा यांच्याविषयीची बैठकही तितकीच नेटकी होती. 625 मधील उहुदच्या लढाईनंतर त्यांनी प्रेषितांचे काका हजरत हमजा यांचे काळीज चावले, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. इब्न इस्हाक ती सालेह बिन कैसान यांच्या हवाल्याने देतात. सालेह भरवशाचे, पण उहुदनंतरच्या पिढीतले, आणि आपण कोणाकडून ऐकले ते त्यांनी सांगितलेले नाही. अहमद बिन हंबल यांच्या संग्रहातील रिवायत शाबी हे सहाबी इब्न मसऊद यांच्याकडून देतात, पण या दोघांमधला दुवा सिद्ध होत नाही. उलट बुखारींच्या प्रमाण मानल्या जाणाऱ्या हदीस-संग्रहात खुद्द वहशी आपल्या हातून झालेल्या हमजा यांच्या वधाची कहाणी सांगतात आणि तीत हिंद यांचा उल्लेखही नाही. त्याच संग्रहात मक्केच्या सैन्याचे प्रमुख अबू सुफियान यांच्या तोंडी उहुदच्या मृतांची विटंबना झाल्याची कबुली आहे. तेव्हा विटंबना झाली हे मान्य करावे लागते. काळजाचा प्रसंग मात्र पुराव्याच्या पातळीवर टिकत नाही.

अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय हजरत उमर यांच्या आज्ञेने जाळले, या कथेला अर्धाच तास मिळाला आणि तो पुरेसा होता. शहर 641-42 च्या सुमारास जिंकले गेले; कथा मात्र प्रथम अब्दुल लतीफ बगदादी आणि इब्नुल किफ्ती यांच्या लेखनात, म्हणजे तेराव्या शतकात दिसते. इजिप्तच्या विजयाचे तपशीलवार वर्णन करणारे निकियूचे ख्रिस्ती बिशप जॉन, ज्यांना मुसलमानांची भीड बाळगण्याचे कारण नव्हते, ते याविषयी अवाक्षर काढत नाहीत. शिबली नोमानी यांनी उर्दूत या विषयावर निबंध लिहिला होता, हेही इथे कळले.

त्रासदायक मजकूर म्हणजे खोटाच, ही समजूत सर्वांत जोरात कोसळली ती बनू जजीमा प्रकरणात. 630 मध्ये खालिद यांनी त्या टोळीतील शरण आलेल्यांना मारले, तेव्हा प्रेषितांनी हात उंचावून, खालिदने जे केले त्याच्याशी माझा संबंध नाही, असे अल्लाहपुढे म्हटले, ही हदीस बुखारींच्या संग्रहात इब्न उमर यांच्याकडून आहे. ती कोणी लपवली नाही, गाळली नाही. मुहद्दिसांच्या, म्हणजे हदीस जमवणाऱ्या विद्वानांच्या, सचोटीचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आता उणिवा. गंभीर उणीव ही की, मौलाना तोंडी जो समान न्याय लावतात तो छापील टिपणांत दिसत नाही. तिथे दुखावणाऱ्या रिवायतींसमोर ‘जईफ’ असा ठळक शेरा आहे, आणि सैफ यांच्या सोयीच्या रिवायती शेऱ्याविना दिल्या आहेत. वर्गाला न येता ही टिपणे कोणाच्या हाती पडली, तर तो नेमकी चुकीची सवय घेऊन बसेल. एका रविवारी आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी तर सगळे प्रश्न ‘हे सारे षड्यंत्र आहे’ एवढ्यावर मिटवले. त्या दिवशीचे शुल्क वाया गेले असे मी मानतो. शिया परंपरेतील रावीशास्त्राला जागाच नाही, आणि डोंगरीचा इमामवाडा हाकेच्या अंतरावर असताना हे खटकते. करबलाच्या हकिकतीचे जुने संकलक अबू मिख्नफ यांचे नाव केवळ ओझरते आले. पाश्चात्त्य अभ्यासक गोल्डझिहेर, शाख्त आणि सनद व मजकूर एकत्र ताडून पाहणारे मोत्स्की यांची ओळख शेवटच्या बैठकीत घाईघाईने उरकली. टिपणांत हिजरी आणि इसवी सने काही ठिकाणी एकमेकांत मिसळली आहेत, ती स्वतः तपासून घ्यावीत.

भाषा हिंदुस्तानी असली तरी मौलाना मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर देतात. अरबी येण्याची गरज नाही; उर्दू वाचता आली तर टिपणे सोपी जातात. इमारतीला उद्वाहन नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी जिन्याचा विचार करून नाव नोंदवावे. पुढील सत्र रमजान ईदनंतर सुरू होणार आहे, आणि नोंदणी करताना टिपणांची सुधारित प्रत मिळणार का, हे प्रत्येकाने आवर्जून विचारावे.