टाहोला जाऊन टाहो फोडायची वेळ

फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा लाँग वीकेंड. शुक्रवारी रात्री साडेनऊला बे एरियातली तीन मराठी कुटुंबं दोन गाड्यांनी कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या टाहो तळ्याकाठी, टाहो सिटी गावात, एका लाकडी घरासमोर पोचली. पारा शून्याखाली, मागच्या सीटवर मुलं झोपलेली. दाराच्या कुलपात चार आकडी कोड टाकला, लाल दिवा लागला. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. चौथ्या खेपेला दार आतून उघडलं आणि पायजम्यातल्या आजोबांनी विचारलं, कोण पाहिजे? घर त्यांचंच होतं, आणि ते त्यांनी आजवर कधी भाड्याने दिलेलं नव्हतं. 'मालका'ला मात्र १,९२० डॉलर पोचून महिना झाला होता. व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो शोधला तर तोही नाहीसा.

सौदा जमला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरत आला: 'कलीगचं केबिन आहे, फॅमिलीवाल्यांनाच देतो, लवकर सांगा.' कुणाचा कलीग हे कुणी विचारलं नाही. निरोप टाकणाऱ्याला तो दुसऱ्या ग्रुपवरून आला होता, तिथे तिसऱ्यावरून. ओळखीतून आलंय असं ज्याला म्हणतात, त्या साखळीत मालकाला पाहिलेला एकही माणूस नव्हता. त्यात या वीकेंडची बरी घरं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उचलली जातात. बऱ्याच शाळांना त्याच सुमारास स्की वीकची सुट्टी असते. जानेवारीत शोधायला बसलं की उरतात ती महागडी घरं किंवा लांबची. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती नेमकी याच आठवड्यात नसते.

चार बेडरूमच्या घराचं बिल आलं ते असं: तीन रात्रींचे ३९० प्रमाणे १,१७०, साफसफाईचे २५०, परत मिळणारं डिपॉझिट ५००. निम्मे लगेच, निम्मे आठवड्याने. त्याच तारखांना तेवढ्याच घरांचे दर इतरत्र दुपटीच्या वर होते, ते कुणी ताडून पाहिलं नाही. पण बिलात याहून मोठी खूण होती आणि ती सगळ्यांच्या नजरेतून सुटली. त्यात कराची ओळच नव्हती. टाहोच्या भोवताली अल्पकाळ भाड्याने दिलेल्या घरावर स्थानिक वस्तीकर लागतो, दहा टक्के किंवा त्याहून जास्त. तो पाहुण्याकडून घेऊन मालकाने सरकारला भरायचा असतो. खरा मालक बिलात हा कर लिहितोच, आणि पाहुणा त्यावर कुरकुरतोच.

आता जाहिरातीचा मजकूर बघा, कारण फसवणूक तिथेच उघडी पडली होती. 'टाहो सिटी, अगदी तळ्याकाठी. लिफ्टपर्यंत चालत. हॉट टबमधून तळ्यावरचा सूर्यास्त. हेवनली दहा मिनिटांवर. मुलांसाठी गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग.' लिफ्ट म्हणजे स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणारा पाळणा, आणि हेवनली हे तिथलं मोठं स्की रिसॉर्ट. पाच वाक्यं, आणि गावाचं नाव सोडलं तर सगळं चुकीचं. लिहिणारा माणूस टाहोला कधी गेलेला नव्हता.

सूर्यास्तापासून सुरुवात करू. टाहो सिटी तळ्याच्या वायव्य काठावर आहे. तिथे तळ्यावर सूर्य उगवतो आणि मावळतो मागच्या डोंगराआड. तळ्यावरचा सूर्यास्त हवा तर पलीकडचा, नेवाडाच्या बाजूचा काठ लागतो, म्हणजे इन्क्लाइन व्हिलेज, झेफर कोव्ह वगैरे. फोटोत केशरी पाणी दिसत होतं आणि हॉट टबही खराच होता. तो फोटो उलट्या शोधात, म्हणजे गूगल लेन्समध्ये टाकल्यावर इन्क्लाइन व्हिलेजमधल्या विक्रीला काढलेल्या एका घराच्या जाहिरातीत सापडला. पत्ता एका घराचा, फोटो दुसऱ्याचे. शोधायला मिनिटसुद्धा लागलं नाही, फक्त ते पैसे गेल्यावर शोधलं.

हेवनली तळ्याच्या दक्षिण टोकाला आहे. त्याची गोंडोला (रोपवे) स्टेटलाइनच्या कॅसिनोंच्या शेजारून निघते. टाहो सिटीहून तिथे जायचं तर हायवे ८९ ने तीसेक मैल, कोरड्या रस्त्यावर तासभर. त्यातला एमरल्ड बेचा पट्टा मोठं बर्फ झालं की हिमकडे कोसळण्याच्या भीतीने बंद करतात. मग नेवाडाकडून अख्ख्या तळ्याला वळसा घालावा लागतो. दहा मिनिटांत फार तर टाहो सिटीतलं किराणा दुकान गाठता येईल.

तळ्याकाठी आणि लिफ्टपर्यंत चालत, या दोन गोष्टी टाहोत सहसा एकत्र नांदत नाहीत. १९६० चं हिवाळी ऑलिंपिक जिथे झालं ते पॅलिसेड्स रिसॉर्ट टाहो सिटीपासून पाच-सहा मैल आत, वेगळ्या खोऱ्यात आहे. नॉर्थस्टार किंग्ज बीचवरून डोंगर चढून पलीकडे. कर्कवुड तर तळ्यापासून लांब, हायवे ८८ वर. काठाला खेटून असलेलं मोठं रिसॉर्ट म्हणजे पश्चिमेचं होमवूड, आणि ते २०२४-२५ च्या हंगामात बंदच होतं. टाहो सिटीलगत ग्रानलिबाकन नावाची एक चिमुकली टेकडी आहे, नवशिक्यांसाठी छान. पण जाहिरात देणाऱ्याला ती माहीत असती तर त्याने तिचं नाव घेतलं असतं.

आणि टाहो गोठत नाही. तळं ५०१ मीटर खोल आहे. हिवाळ्यात वरचं गार पाणी खाली जात राहतं आणि खालचं त्यामानाने ऊबदार पाणी वर येतं, म्हणून पृष्ठभाग बर्फाला पोचेपर्यंत हिवाळाच संपतो. एमरल्ड बेच्या उथळ कोपऱ्यात कधीमधी पापुद्रा धरतो, तेवढंच. स्केटिंग होतं ते बांधलेल्या रिंकवर. गोठलेल्या तळ्याचा फोटो दिसला की तो कुठलाही असेल, टाहोचा नाही.

नकाशा जमत नसेल तर मालकाला तीन कंटाळवाणे प्रश्न विचारा. ड्राइव्हवेत गाड्या किती राहतात आणि त्यातलं बर्फ कोण काढतं? कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते? बेअर बॉक्सचं झाकण कसं उघडायचं? टाहोत अस्वलं कचऱ्यावर येतात म्हणून पुष्कळ घरांपुढे जाड पत्र्याची पेटी असते. बर्फ काढायचं असताना रस्त्यावर गाडी लावायला मनाई असते, लावली तर दंड होतो किंवा टो करून नेतात. हे सगळं मालकाच्या रोजच्या डोकेदुखीचं असल्यामुळे तो न विचारताच पानभर लिहून पाठवतो. भामटा लिहितो, 'डोन्ट वरी, एव्हरीथिंग इज देअर.'

यानंतर परमिट. इथे जरा किचकट आहे, पण पैसे वाचतात ते इथेच. तळं एक असलं तरी कारभार अनेकांचा: साउथ लेक टाहो शहराचा वेगळा, त्याबाहेर मायर्स आणि टाहोमाकडे एल डोराडो काउंटीचा, टाहो सिटी, किंग्ज बीच आणि पॅलिसेड्स प्लेसर काउंटीत, ट्रकी गावाचा आपला, इन्क्लाइन व्हिलेज नेवाडाच्या वॉशो काउंटीत, स्टेटलाइन आणि झेफर कोव्ह डग्लस काउंटीत. अल्पकाळ भाड्याने द्यायला या प्रत्येकाचं परमिट किंवा नोंदणी लागते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा क्रमांक जाहिरातीत छापावा लागतो. साउथ लेक टाहोत २०१८ च्या मतदानाने निवासी भागातली अशी घरं बंद करायचं ठरलं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं, नियम पुन्हा हलले. म्हणून तिथलं घर असेल तर जुन्या माहितीवर विसंबू नका, थेट शहराच्या कार्यालयाला विचारा.

नुसता क्रमांक मागून भागत नाही. दुसऱ्याच्या जाहिरातीतला खरा क्रमांक चोरून देतात. क्रमांक, पूर्ण पत्ता आणि परमिटवर मंजूर असलेली माणसांची संख्या, हे तिन्ही त्या कार्यालयाच्या यादीशी जुळलं पाहिजे. परमिट आठ जणांचं आणि जाहिरात 'बारा जण आरामात' म्हणत असेल तर मालक खरा असला तरी रात्री शेजाऱ्याच्या तक्रारीवरून तुम्हाला उठवतील. नेवाडाच्या बाजूच्या काउंट्यांत असेसरच्या (मालमत्तांची करासाठी नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नावही दिसतं. कॅलिफोर्नियात सहसा नाव दिसत नाही, मग परमिट कार्यालयाला फोन करायचा. त्यांना अशा फोनांची सवय आहे. फोन मात्र कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळेत. म्हणूनच भामटे शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात, 'आज रात्री नक्की करा, अजून दोन पार्ट्या थांबल्यात.'

पैसे देण्याबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या. झेल (बँक खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात थेट पैसे पाठवायची सोय) म्हणजे हातात रोख दिल्यासारखं. तुम्ही स्वतः बटण दाबून पाठवलेले पैसे बँकेच्या लेखी 'अधिकृत' ठरतात, आणि अनधिकृत व्यवहारासाठी असलेलं कायद्याचं संरक्षण त्यांना सहसा मिळत नाही. वायर ट्रान्सफर आणि गिफ्ट कार्ड याच पंगतीतले. क्रेडिट कार्डावर वस्तू किंवा सेवा मिळालीच नाही म्हणून हरकत घेता येते. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्यात त्यासाठी स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. आता हिशेब करा: जानेवारीत पैसे, फेब्रुवारीच्या मध्यावर फसवणूक उघड. मुदत शिल्लक असते, पण कार्डने दिले असतील तरच. 'कार्डाला चार टक्के जास्त पडतील' असं सांगून झेलकडे वळवतात ते यासाठी.

कधी सुरुवात एअरबीएनबी किंवा व्हीआरबीओवरूनच होते. दोन निरोपांनंतर मालक म्हणतो, साइटची फी वाचवू, आणि पैसे भरायला लिंक पाठवतो. पान हुबेहूब. पानाचा वेब पत्ता वाचताना पहिल्या एकट्या तिरप्या रेघेपर्यंतच वाचा आणि त्याआधीचे, टिंबाने तोडलेले शेवटचे दोन शब्द बघा. मधे ओळखीचं नाव आणि शेवटी भलतंच काही, असं असेल तर पान नकली. भाडेकराराच्या नावाखाली ड्रायव्हिंग लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो मागतात तेही देऊ नका. त्या तीन कुटुंबांपैकी एकाच्या नावावर पुढे क्रेडिट कार्ड काढायचा प्रयत्न झाला.

लिफ्ट तिकिटांचं थोडक्यात. गर्दीच्या दिवशी मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं. एपिकसारख्या हंगामी पासांची विक्री साधारण डिसेंबरात थांबते. मग क्रेगलिस्ट आणि फेसबुकवर 'वापरायला जमणार नाही, निम्म्यात देतो' सुरू होतं. पास नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही. गेटवर स्कॅन झाला की कर्मचाऱ्याच्या हातातल्या यंत्रावर मूळ मालकाचा फोटो येतो, पास जप्त होतो आणि तुम्ही रांगेबाहेर. तिकिटाचा नुसता कोड विकणारे तोच कोड चौघांना विकतात, पहिल्याचं जमतं. स्वस्त हवं तर रिसॉर्टच्या स्वतःच्या साइटवर आधी घ्या, किंवा नवशिक्यांसाठी बोरियल, सोडा स्प्रिंग्ज, टाहो डोनरसारखी लहान ठिकाणं बघा.

रस्त्यावर लुबाडतात ते चेनच्या, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्यांच्या नावाखाली. आय-८० वर डॉनर समिटला आणि हायवे ५० वर एको समिटला बर्फ झालं की चेन कंट्रोल, म्हणजे चेनची सक्ती लागते, आर-१ ते आर-३ अशा चढत्या पायऱ्यांची. आर-२ असेल तर चारही चाकांवर बर्फाचे टायर असलेल्या फोर-व्हील किंवा ऑल-व्हील गाडीला चेन न लावता सोडतात, पण चेन गाडीत असावी लागते. बाकी सगळ्यांना लावावी लागते. आर-३ म्हणजे कुणालाच सूट नाही. कडेला चेन लावून देणारी माणसं असतात. ती कॅलट्रान्सची, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याची नोकर नसतात, परवाना घेतलेले स्वतंत्र धंदेवाईक असतात. अंगावर क्रमांकाचा बिल्ला असतो आणि त्यांना चेन विकायला किंवा भाड्याने द्यायला मनाई आहे. म्हणजे बिल्ला नसलेला आणि ट्रकच्या मागून चेन विकणारा दिसला की काच खाली करू नका. बिल्ला असेल तर आधी दर विचारा, पावती घ्या, त्यावर बिल्ल्याचा क्रमांक लिहा.

चेन घरूनच आणा. टायरच्या बाजूवर २३५/६५ आर १७ असा आकडा कोरलेला असतो, तोच मापाचा. फ्रंट-व्हील गाडीला पुढच्या चाकांवर चढते. गराजमध्ये एकदा लावून बघा, नाहीतर अंधारात, ओल्या हातमोज्यांनी कळतं की हूक आतल्या बाजूला राहिलाय. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबा आणि पुन्हा आवळा, ढिली चेन ब्रेकची नळी तोडते. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा, बऱ्याच कंपन्या चेन लावायलाच मनाई करतात.

फसल्यावर त्या रात्री आधी मुलांना ऊब. दक्षिणेला असाल तर स्टेटलाइनच्या कॅसिनो हॉटेलांत विचारा, उत्तरेला असाल आणि रस्ता उघडा असेल तर ट्रकीहून रीनो तीसेक मैल. मग बँकेला लगेच फोन करा, दुसरा हप्ता अजून अडवता येतो का बघा. सगळे निरोप, फोन नंबर आणि झेलच्या नोंदी स्क्रीनशॉट काढून ठेवा, समोरचा मजकूर पुसून टाकतो. एफबीआयच्या आयसी३ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार-साइटवर आणि एफटीसी या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेकडे तक्रार, काउंटीच्या शेरीफकडे रिपोर्ट. लायसन्स दिलं असेल तर तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट गोठवा, ते फुकट असतं.

दोनेक आठवड्यांनी त्या कुटुंबांपैकी एकाला गोड आवाजाचा फोन आला. 'रिकव्हरी डिपार्टमेंट'मधून बोलतोय, तुमचे १,९२० डॉलर सापडलेत, १८० डॉलर प्रोसेसिंग फी झेल करा. आकडा तंतोतंत बरोबर होता. तो ठाऊक असणारा बाहेरचा माणूस एकच.