गूगल कॅलेंडर दोघांत वाटून घेताना: शेअर होतं चटकन, आठवण मात्र एकालाच

घरच्या संगणकावर नवरा-बायकोने मिळून वापरायचं कॅलेंडर म्हटलं की गूगल कॅलेंडरचं नाव पहिलं निघतं. ते २००६पासून आहे, फुकट आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स काहीही असो, ब्राउझर असला की चालतं. दोघांच्या वापरासाठी ते खरंच चांगलं आहे. पण बहुतेक घरांत ते अर्धवट जोडलेलं असतं. एकाने दुसऱ्याला कॅलेंडर 'दिसेल' असं केलं की काम झालं असं समजलं जातं. दिसणं आणि वेळेवर आठवण होणं या गूगलच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपोआप होत नाही. (बटणांची नावं इथे इंग्रजी इंटरफेसमधली दिली आहेत. भाषा मराठी ठेवली असेल तर नावं बदलतील, जागा त्याच राहतील.)

सगळ्यात आधी संगणकाकडे बघायला हवं. घरात एकच पीसी आणि त्यावर एकच क्रोम असेल, तर दोघांची खाती एकाच ब्राउझर प्रोफाइलमध्ये, म्हणजे क्रोममधल्या एकाच वापरकर्त्याच्या जागेत, उघडी असतात. त्यात जे खातं आधी लॉगिन झालं ते डीफॉल्ट ठरतं. मेलमधल्या दुव्यावर बायकोने क्लिक केलं तरी पान नवऱ्याच्या खात्यात उघडतं, आणि मग 'परवानगी नाही' असा निरोप किंवा भलत्याच्याच नावावर पडलेली नोंद असा गोंधळ होतो. पत्त्याच्या पट्टीत 'यू' नंतर ० दिसतोय की १, यावरून कोणतं खातं चालू आहे ते कळतं, पण रोज ते कोण बघणार? सरळ उपाय म्हणजे क्रोममध्ये वर उजवीकडच्या फोटोवर क्लिक करून दुसरं प्रोफाइल तयार करायचं. दोघांच्या खिडक्यांना वेगळे रंग द्यायचे आणि डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट ठेवायचे. ही पायरी गाळली की पुढचं सगळं डळमळतं.

आता कोणतं कॅलेंडर शेअर करायचं? इथेच नेहमीची चूक होते. प्रत्येक खात्याबरोबर त्या व्यक्तीच्या नावाचं एक मुख्य कॅलेंडर येतं, आणि लोक तेच एकमेकांना पूर्ण अधिकारासह देऊन टाकतात. मग एकाच्या ऑफिसच्या मीटिंगा दुसऱ्याच्या पडद्यावर गर्दी करतात. दुसऱ्याने साफसफाई म्हणून त्यातली एखादी पुसली तर ती मूळ कॅलेंडरमधूनच जाते. त्यापेक्षा तिसरं कॅलेंडर काढावं. डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'समोरच्या अधिक चिन्हावर क्लिक करून 'क्रिएट न्यू कॅलेंडर' निवडायचं आणि 'घर' असं काहीतरी छोटं नाव द्यायचं. टाइम झोन तिथेच तपासून घ्यायचा. बिलं, शाळा, दवाखाना, पाहुणे, गाडीची सर्व्हिसिंग, म्हणजे दोघांनाही लागणारं सगळं यात. मुख्य कॅलेंडर एकमेकांना फक्त बघण्यापुरतं द्यावं, किंवा तेही नको असेल तर 'मोकळा की अडकलेला' एवढंच दिसेल असं ठेवावं.

शेअर करण्याची पानं संगणकावरच्या ब्राउझरमध्येच नीट मिळतात, फोनच्या ॲपमध्ये ती शोधत बसू नये. डावीकडच्या यादीत 'घर' या नावावर माउस नेला की तीन ठिपके दिसतात. त्यात 'सेटिंग्ज अँड शेअरिंग'. पान खाली सरकवलं की 'शेअर विथ स्पेसिफिक पीपल' हा भाग येतो. तिथे 'ॲड पीपल'वर जाऊन जोडीदाराचा जीमेल पत्ता टाकायचा, अधिकार निवडायचा आणि 'सेंड' करायचं. त्याच्याच वर सर्वांसाठी खुलं करण्याचा चौकोन असतो, 'मेक अव्हेलेबल टू पब्लिक'. त्याला हात लावायचा नाही. घाईत तिथे टिक पडली तर घर कधी रिकामं आहे हे जगाला वाचता येईल.

अधिकार चार आहेत. फक्त मोकळा-अडकलेला दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं, आणि बदलण्यासोबत पुढे इतरांना शेअरही करता येणं. 'घर'साठी तिसरा किंवा चौथा द्यावा. नवरा-बायकोत चौथा द्यायला हरकत नाही. उद्या आजी-आजोबांना कॅलेंडर दाखवायचं झालं तर त्यासाठी एकाला दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही. एक बारीक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. नोंदीला 'प्रायव्हेट' केलं म्हणजे ती जोडीदारापासून लपली असं नाही. केवळ बघण्याचा अधिकार असलेल्याला ती नुसती 'बिझी' दिसते, पण बदलण्याचा अधिकार असलेल्याला पूर्ण वाचता येते. वाढदिवसाच्या सरप्राइजची तयारी सामायिक कॅलेंडरमध्ये 'प्रायव्हेट' लिहून ठेवली तर सरप्राइज संपलं. ती नोंद स्वतःच्या मुख्य कॅलेंडरमध्येच हवी, आणि तेसुद्धा तिथे बदलण्याचा अधिकार दिला नसेल तरच.

'सेंड' केल्यावर जोडीदाराला मेल जातो. त्यातल्या दुव्यावर क्लिक करून कॅलेंडर जोडून घ्यावं लागतं, नाहीतर त्याच्या यादीत काहीच येत नाही. मेल स्पॅममध्ये गेला किंवा हरवला तर दोन वाटा आहेत. नाव काढून पुन्हा टाकावं, म्हणजे मेल नव्याने जातो. किंवा कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'इंटिग्रेट कॅलेंडर' खाली जो लांबलचक कॅलेंडर आयडी असतो तो जोडीदाराने आपल्या बाजूला 'अदर कॅलेंडर्स', अधिक चिन्ह, 'सबस्क्राइब टू कॅलेंडर' इथे चिकटवावा. जोडलं गेलं की रंग निवडायचा. हा रंग ज्याचा त्याचा असतो. एकाकडे 'घर' हिरवं आणि दुसऱ्याकडे जांभळं असू शकतं, त्यामुळे 'हिरव्यातली नोंद बघ' असं फोनवर सांगून उपयोग नाही.

आता आठवणीचा मुद्दा, आणि हाच या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. नोंद सामायिक असली तरी तिची सूचना सामायिक नसते. नवऱ्याने 'घर'मध्ये दवाखान्याची वेळ टाकली आणि एक तास आधीची सूचना लावली, तर ती त्यालाच मिळते. बायकोच्या पडद्यावर नोंद दिसते, पण काही वाजत नाही. उलट बाजूलाही तेच. म्हणून 'घर'च्या सूचना दोघांनी आपापल्या खात्यात, आपापल्या हाताने लावायच्या. तीन ठिपके, सेटिंग्ज, मग 'इव्हेंट नोटिफिकेशन्स'. एका नोंदीला ५ पर्यंत सूचना लावता येतात. घरगुती कामांसाठी एक दिवस आधी एक आणि एक तास आधी एक, इतक्या पुरतात. दर नोंदीला चार-चार सूचना लावल्या की माणूस न वाचताच त्या झटकायला लागतो.

दिवसभराच्या नोंदींसाठी, म्हणजे बिलाची शेवटची तारीख, सुट्टी, वाढदिवस यांसाठी, त्याखालीच 'ऑल-डे इव्हेंट नोटिफिकेशन्स' हा वेगळा भाग आहे. वरची सेटिंग त्यांना लागू होत नाही. 'सूचना लावल्या होत्या तरी बिल राहिलं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं. त्याच्याही खाली 'अदर नोटिफिकेशन्स' असतं. तिथे नवी नोंद, बदललेली नोंद आणि रद्द झालेली नोंद यांसाठी ईमेल लावला, की एकाने काही हलवलं तर दुसऱ्याला कळतं. हा पर्याय मुळात बंद असतो. दोघांनी चालू करावा. सामायिक कॅलेंडरचा खरा फायदा त्यानंतर सुरू होतो.

आणखी एक अडचण खास संगणकाची. डेस्कटॉपवरची सूचना येण्यासाठी ब्राउझर चालू हवा, कॅलेंडरचा टॅब उघडा हवा आणि त्या पानाला सूचनांची परवानगी दिलेली हवी. विंडोजचं 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असेल तर ती तिथेच अडते. घरचा पीसी संध्याकाळी दोन तासच चालू असतो, त्यामुळे त्याच्या सूचनेवर विसंबू नये. सूचनेच्या प्रकारात 'ईमेल' निवडावा किंवा फोनवर ॲप ठेवावं. संगणक नोंदी टाकायला आणि महिना डोळ्यांखालून घालायला, फोन आठवणीला, अशी वाटणी बरी. मोठ्या पडद्यावर नोंदी टाकायचा वेगही चांगला आहे. 'सी' दाबलं की नवी नोंद, 'एम' महिना, 'डब्ल्यू' आठवडा, 'टी' आजचा दिवस.

नवी नोंद करताना एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. वेबवर नवी नोंद मुळात मुख्य कॅलेंडरमध्ये जाते. सेव्ह करण्याआधी खालच्या यादीतून 'घर' निवडलं नाही, तर जोडीदाराला ती 'घर'मध्ये सापडणार नाही. नंतर ध्यानात आलं तर नोंद उघडून कॅलेंडरचं नाव बदललं की ती तिकडे हलते. आयफोनवर ॲपलचं कॅलेंडर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट कॅलेंडर' म्हणून 'घर' ठेवता येतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदी बदलताना गूगल विचारतं: फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या? 'सगळ्या' निवडलं की मागच्या तारखाही बदलतात. ट्यूशनची वेळ या महिन्यापासून बदलली असेल तर मधला पर्याय घ्यायचा.

काही गोष्टी कॅलेंडर शेअर करूनही जात नाहीत. 'टास्क्स' त्यातली पहिली. पडद्यावर त्या नोंदींच्या शेजारीच दिसतात, म्हणून जोडीदारालाही दिसत असतील असं वाटतं, पण त्या ज्याच्या त्याच्याच राहतात. दूध-किराणा, फॉर्म भरणे अशी दोघांची कामं टास्कमध्ये टाकू नयेत, नोंद म्हणूनच टाकावीत. दुसरी म्हणजे जीमेलमधून आपोआप तयार होणाऱ्या विमान-हॉटेलच्या नोंदी. त्या सुरुवातीला फक्त खातेदारालाच दिसतात. प्रवास दोघांचा असेल तर 'घर'मध्ये हाताने वेगळी नोंद टाकलेली बरी.

फोनवर नवं कॅलेंडर दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. अँड्रॉइडच्या ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन त्या कॅलेंडरचं 'सिंक' चालू आहे का बघायचं. ॲपलच्या कॅलेंडर ॲपमध्ये गूगलची शेअर केलेली कॅलेंडरं आपोआप येत नाहीत. गूगलचं 'सिंकसिलेक्ट' नावाचं वेगळं पान ब्राउझरमध्ये उघडून त्यात टिक करावी लागते. ते पान कुठल्याच मेनूत सहज सापडत नाही, हा गूगलचा निव्वळ आळस आहे.

एकाचं खातं ऑफिसचं असेल तर? कंपनीचा ॲडमिन बाहेरच्या लोकांशी होणारं शेअरिंग मर्यादित ठेवू शकतो. मग वरचे अधिकार निवडताच येत नाहीत, फारतर मोकळा-अडकलेला एवढंच देता येतं. ती वाट अडवलेली असेल तर भांडत बसू नये. 'घर' नेहमी खासगी खात्यावरच काढावं, कारण नोकरी सुटली की ऑफिसचं खातं बंद होतं आणि त्यावरचं कॅलेंडरही हाताबाहेर जातं.

कुणी सुचवतं की 'सीक्रेट ॲड्रेस' नावाचा आयकॅल दुवा (कॅलेंडर दुसरीकडे जोडून बघण्याचा गुप्त पत्ता) जोडीदाराला पाठवा, काम झालं. तसं नाही. त्या दुव्याने नुसतं बघता येतं, बदलता येत नाही. शिवाय गूगलमध्ये 'फ्रॉम यूआरएल'ने जोडलेलं कॅलेंडर ताजं व्हायला १२ तासही लागू शकतात. दुपारी बदललेली वेळ संध्याकाळी जुनीच दिसली तर तो संगणकाचा दोष नव्हे. 'इम्पोर्ट' तर त्याहून वेगळं. त्यात फाइलमधल्या नोंदींची एकदाच प्रत होते, पुढचे बदल येत नाहीत. शाळेने दिलेलं वार्षिक वेळापत्रक घ्यायला ते ठीक, पण ते मुख्य कॅलेंडरमध्ये न ओतता त्यासाठी वेगळं रिकामं कॅलेंडर काढावं. चुकलं तर अख्खं काढून टाकता येतं.

काढून टाकण्यावरून आठवलं. सेटिंगच्या तळाशी 'रिमूव्ह कॅलेंडर' खाली 'अनसबस्क्राइब' आणि 'डिलीट' असे दोन शब्द येतात. पहिल्याने कॅलेंडर फक्त आपल्या यादीतून जातं, दुसऱ्याने सगळ्यांचंच जातं. एखादी नोंद चुकून पुसली गेली तर ती 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस असते आणि परत आणता येते.

गूगलचा फॅमिली ग्रुप, म्हणजे घरच्यांची खाती एकत्र जोडलेला गट, असेल तर 'फॅमिली' नावाचं कॅलेंडर आयतं मिळतं. ग्रुपमध्ये ६ जण बसतात आणि सगळ्यांना बदलता येतं. मुलं मोठी असतील तर सोयीचं, पण दोघांपुरतं पाहिजे असेल तर स्वतः काढलेलं बरं. दोघांकडे मॅक आणि आयफोनच असतील तर ॲपलचं आयक्लाउड कॅलेंडर जास्त गुळगुळीत चालतं, मात्र एकाकडे विंडोज आणि अँड्रॉइड असेल तर त्याचा त्रास त्यालाच. आउटलुक डॉट कॉमवरही शेअरिंग नीट होतं, पण विंडोजमधलं जुनं 'कॅलेंडर' ॲप अजून वापरत असाल तर ते सोडा. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ला बंद केला.