फेअरट्रेड कॉटन की जीओटीएस?
कपड्यावर फेअरट्रेड कॉटनचा शिक्का दिसला की वाटतं झालं, सगळंच चांगलं असणार, पण तो मुळात कापसाबद्दल बोलतो, म्हणजे शेतकऱ्यांना ठरलेला किमान भाव आणि वर त्यांच्या गटासाठी प्रीमियम म्हणजे जादा रक्कम, बाकी कापूस ऑरगॅनिक असेलच असं नाही आणि शिवणाऱ्या बाईला किती मिळाले ते त्यावरून काही कळत नाही. जीओटीएस, म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाईल स्टँडर्ड हा ऑरगॅनिक कापडाचा शिक्का, उलट कारखान्यात शिरतं, रंगातली केमिकल्स, सांडपाणी, कामगारांचे तास सगळं बघतं. फक्त टॅग नीट वाचा हं, ‘ऑरगॅनिक’ असेल तर किमान ९५ टक्के धागा ऑरगॅनिक, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ असेल तर ७० पण चालतो. शेतकऱ्याचा भाव मात्र त्यात बांधलेला नसतो. बाळाचे कपडे, चादरी यांना मी जीओटीएसच बघते, दोन्ही शिक्के एकत्र दिसले तर सरळ घेऊन टाकते.